‘सॉलिड एक्सल काढून टाक, वीस इंची चाकं घाल’: जुन्या पिकअपबद्दलच्या एका लाडक्या सल्ल्याची तपासणी

जुना अमेरिकी पिकअप हाती आला की काही दिवसांतच कुणीतरी एक सल्ला देतं. शब्द बदलतात, मजकूर साधारण हाच असतो: “पुढचा सॉलिड एक्सल आणि पाटे काढून टाक, त्याने गाडी कधीच सरळ चालणार नाही. मस्टँग टू किट बसव, नव्या कारसारखी चालेल. २० इंची चाकं घाल. बोल्ट जुळले नाहीत तर अडॅप्टर लाव, चाक कुठे घासलं तर स्पेसर लाव. खाली बसवायची असेल तर स्प्रिंगचा एखादा वेढा काप.”

(सॉलिड एक्सल म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा, पाटे म्हणजे त्यावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, आणि स्पेसर म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती.) यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला इतका टिकलाय. पण ज्या क्रमाने तो दिला जातो त्या क्रमाने काम केलं तर चाकं दोनदा विकत घ्यावी लागतात.

“सॉलिड एक्सलने गाडी कधीच सरळ चालणार नाही.”

आधी आपल्या गाडीला सॉलिड एक्सल आहे का, ते वाकून बघावं. १९४८ ची फोर्ड एफ-१ किंवा १९५५ ते ५९ मधली शेव्हरले असेल तर आहे. पण शेव्हरलेच्या सी-१० ला १९६० मध्येच टॉर्शन बारवरचं (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावरचं) स्वतंत्र फ्रंट सस्पेन्शन आलं आणि १९६३ पासून कॉइल स्प्रिंग. फोर्डने १९६५ मध्ये ट्विन आय-बीम आणलं, त्यात दोन्ही चाकांना वेगवेगळा बीम असतो. १९६५ च्या सी-१० वाल्याला “एक्सल काढ” सांगणाऱ्याने गाडीखाली डोकावलेलंच नसतं.

आता ज्यांना खरोखर सॉलिड एक्सल आहे त्यांच्याबद्दल. या गाड्या नव्या होत्या तेव्हा सरळच चालत होत्या. पन्नास-साठ वर्षांनी त्या भरकटतात, कारण किंगपिनचे (चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिचे) बुश झिजलेले, स्टिअरिंग बॉक्समध्ये प्ले म्हणजे मोकळा खेळ, टायरॉडचे (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) एंड ढिले, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश गेलेले. चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवून बघा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग ढिली आहे, तसाच राहिला तर किंगपिन. हेच चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं की टायरॉड आणि स्टिअरिंगचा खेळ कळतो. एवढ्या तपासणीला लागणारा वेळ एक चहा संपायच्या आत संपतो, तरी एक्सल भंगारात देण्याआधी ती फार थोडे लोक करतात.

दुसरं कारण कॅस्टर. किंगपिनचा माथा मागे किती कलला आहे तो हा कोन. तो पुरेसा असला की स्टिअरिंग आपण होऊन मध्ये परतायला बघतं. आता गंमत अशी की पिकअपचं नाक खाली करण्याची हौस नेमका हाच कोन खाते. ११५ इंच व्हीलबेसची गाडी पुढून ४ इंच खाली घेतली आणि मागे काहीच केलं नाही, तर अख्खी चासी पुढे कलते आणि सुमारे २ अंश कॅस्टर जातो. मुळात तीन-चारच अंश असतील तर उरलं काय? मग मालक म्हणतो, “बघा, सॉलिड एक्सल भरकटतो.” यावर उपाय म्हणजे पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसणारी पाचर. पाटा एक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे येते. त्यासोबत टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असतात तो फरक, तपासून घ्यायचा. जुने बायस टायर (रेडियलच्या आधीचे, आत तिरकस धाग्यांचे थर असलेले) असतील तर ते रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे धावतात, तो दोष एक्सलच्या माथी मारू नये.

एक्सल ठेवून गाडी खाली आणायची तर ड्रॉप्ड एक्सल मिळतो. त्याची टोकं वर उचललेली असल्याने पाट्याला हात न लावता गाडी खाली येते. मात्र ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन पुन्हा बघावा लागतो, नाहीतर खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग स्वतःच वळतं.

“मस्टँग टू किट बसव, नव्या कारसारखी चालेल.”

मस्टँग टू ही १९७४ ते ७८ मधली फोर्डची छोटी कार. तिचं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि आटोपशीर क्रॉसमेंबर (चासीचा आडवा तुकडा, ज्यावर पुढचं सस्पेन्शन बसतं) कस्टम गाड्या बनवणाऱ्यांना सोयीचे वाटले आणि नाव चिकटलं. आजच्या बऱ्याच किटमध्ये त्या कारचा एकही सुटा भाग नसतो, घेतलेली असते ती मांडणी. मूळ लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) अरुंद होता आणि त्याला आधाराला स्ट्रट रॉड होता. बऱ्याच किटमध्ये तो रॉड नसतो, त्याऐवजी रुंद नळीचा आर्म येतो. म्हणून “मस्टँग टू आहे” एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते किट किती वजनासाठी बनवलंय आणि कुणी जोडलंय यावर सगळं आहे.

जोडणं हाच कळीचा भाग. जुन्या पिकअपच्या चासीच्या पट्ट्या बहुधा उघड्या सी आकाराच्या असतात. नवा क्रॉसमेंबर जिथे वेल्ड होतो तिथे त्या आतून पत्रा लावून बंद कराव्या लागतात. क्रॉसमेंबर अर्धा इंच पुढेमागे झाला की चाक मडगार्डच्या मधोमध दिसत नाही, आणि ते नंतर कशानेही लपत नाही. उंचीही किटने ठरवलेली असते: लोअर आर्म जमिनीला साधारण समांतर असताना भूमिती बरोबर. पुढे कुणी नुसत्या स्प्रिंगने गाडी अजून दोन इंच खाली घेतली, तर आर्म तिरके होतात. रॅकचे आतले सांधे आर्मच्या सांध्यांच्या रेषेत नसतील तर बंप स्टिअर येतो (चाक वरखाली झालं की आपोआप वळतं), म्हणजे एक्सलवर जे खापर फोडलं तेच नव्या सामानात हजर.

काही गाड्यांना हे किटच योग्य. चासी आधीच कुणी कापून ठेवली असेल, किंवा मोठ्या व्ही-८ च्या एक्झॉस्टला मूळ स्टिअरिंग बॉक्स आड येत असेल, तर मीही ते बसवायलाच सांगेन. धडधाकट एक्सल कापायला मात्र नाही.

“२० इंची चाकं घाल.”

दिसतात छान, वादच नाही. पण हिशेब बघा. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर, २७५/४० आर २० चा ७२८. उंची जवळपास तीच. बाजूची रबरी भिंत मात्र १७६ वरून ११० मिलिमीटरवर आली. कडक पाट्यांच्या गाडीत धक्के झेलायला जे काही मऊ होतं त्यातला मोठा वाटा ही भिंत होती. शिवाय मोठं चाक-टायर सहसा जड असतं, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे धक्के आणखी जाणवतात.

भारक्षमतेकडेही कुणी बघत नाही. कारच्या मानांकनाचा टायर पिकअपला लावला तर अमेरिकी नियमांप्रमाणे त्याची क्षमता १.१० ने भागून धरायची असते. मागे सामान लादणार असाल तर हा आकडा चाकाच्या डिझाइनच्या आधी बघायचा.

“अडॅप्टर लाव, स्पेसर लाव.”

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. फोर्ड एफ-१०० ला ५ बोल्ट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. १९७० पर्यंतच्या सी-१० ला ६ बोल्ट, वर्तुळ तेच १३९.७. (मापातला आकडा बघून दुसऱ्याची चाकं उचलणारे लोक आहेत.) १९७१ पासून सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक आले आणि बोल्ट झाले ५, वर्तुळ १२७. म्हणजे १९६८ च्या गाडीला डिस्क हवेत म्हणून १९७१-७२ चं सामान लावलं की पुढे पाच बोल्ट आणि मागे सहा. आधीच सहा बोल्टची सुंदर चाकं घेऊन ठेवली असतील तर त्यांचं काय करायचं ते ठरवा. म्हणून ब्रेक आणि सस्पेन्शन नक्की झाल्याशिवाय चाकांची ऑर्डर देऊ नये.

बोल्टचं वर्तुळ बदलणाऱ्या अडॅप्टरमध्ये एका बाजूचे नट आणि दुसऱ्या बाजूचे स्टड बसवायचे असल्याने तो पातळ करता येत नाही. सव्वा इंच जाडी सामान्य आहे. तेवढं चाक बाहेर जातं, टायर मडगार्डला घासतो. शिवाय हबमधल्या बेअरिंगची मांडणी भार मोठ्या आतल्या बेअरिंगजवळ पडेल अशी असते. चाक बाहेर सरकलं की भार छोट्या बाहेरच्या बेअरिंगकडे झुकतो, आणि किंगपिनची रेषा जमिनीला जिथे भिडते तिथून टायरचा ठसाही लांब जातो. मग ब्रेक मारताना, खड्ड्यात जाताना स्टिअरिंग हातात झटका देतं.

ऑफसेट, म्हणजे चाकाचा हबवर टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे ते, मोजण्यातही एक नेहमीचा घोळ आहे. ८ इंची रिम म्हणजे टायर जिथे बसतो तिथलं अंतर. कडेपासून कडेपर्यंत ती साधारण ९ इंच भरते. त्यामुळे शून्य ऑफसेटला बॅकस्पेसिंग (रिमच्या आतल्या कडेपासून हबवर टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर) साडेचार इंच येतं. ४ इंच बॅकस्पेसिंगचं चाक “शून्य” समजून घेतलं तर ते १३ मिलिमीटर बाहेर येतं.

“स्प्रिंगचा वेढा काप.”

कॉइल स्प्रिंगचे ८ कार्यरत वेढे असतील आणि एक कापला तर ती सुमारे १४ टक्के कडक होते. तेवढं चालतंही. गॅसकटरने तापवून खाली बसवणं मात्र चालत नाही, तिथे स्टीलचं पाणी उतरतं. ट्विन आय-बीमच्या फोर्डमध्ये आणखी एक अडचण: प्रत्येक बीम समोरच्या बाजूला टांगलेला असल्याने गाडी खाली आली की चाकांचे माथे आत कलतात आणि टायरची आतली कड झिजून जाते. तिथे ड्रॉप्ड बीम घ्यावेत, स्प्रिंग तशीच ठेवावी.

चाकांची मापं घेताना इंजिन, रेडिएटर, बॉनेट, बॅटरी सगळं जागेवर हवं. रिकाम्या चासीचं नाक वरच राहतं आणि माप खोटं येतं. गाडी शेवटी ज्या उंचीवर उभी राहणार त्या उंचीला ठोकळ्यांवर ठेवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून हबच्या तोंडापासून मडगार्डपर्यंत आणि आत टायरॉड व चासीपर्यंत मोजा, मग सस्पेन्शन वर दाबलेल्या स्थितीत हेच पुन्हा. डिस्क लावले असतील तर कॅलिपरवर रिम मोकळी फिरते का तेही बघा. मूळ १५ इंची रिम तिथे अडकू शकते.