‘पेपरवाले वाट लावतात’ म्हणण्याआधी प्रेस नोट वाचा

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. लेखकाचं नाव नाही, वर फक्त ‘एका निवृत्त प्राध्यापकाचे परखड विचार’. म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठं आणि संशोधन संस्था आपलं संशोधन लोकांना सांगण्यासाठी हल्ली पगारी माणसं ठेवतात, वर त्यांना प्रशिक्षण देतात, हा पैशाचा चुराडा आहे. विपर्यास पेपरवाले आणि चॅनेलवाले करतात, संस्था नव्हे. शास्त्रज्ञानं स्वतः बोलावं, मधे दलाल कशाला? नारळीकरांना कुणी ट्रेनिंग दिलं होतं? शिवाय जपून लिहिलेलं कुणी छापत नाही. आणि मराठीत हवं असेल तर आता यंत्र भाषांतर करून देतं. शेवटी, ‘असल्या प्रशिक्षणाचा उपयोग शून्य, हे संशोधनातून सिद्ध झाले आहे.’

मी नऊ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली आणि नंतर एका संस्थेत हीच ‘दलाली’ केली. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

विपर्यास पेपरवाले करतात? करतात. मीही केलाय. पण मला तो बऱ्याचदा तयारच मिळायचा.

रात्री नऊ वाजता पान सोडायच्या घाईत एका संस्थेची प्रेस नोट हातात आली होती. एका वनस्पतीच्या अर्काबद्दल. पहिल्या वाक्यात ‘कर्करोगावर प्रभावी’, दुसऱ्यात ‘रुग्णांसाठी आशेचा किरण’. दोन कॉलमची जागा होती, मी वरचे दोन परिच्छेद उचलले आणि मथळ्यात ‘रामबाण’ टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. भावाच्या केमोचं पाचवं सायकल चालू होतं. अर्क कुठे मिळेल, आणि तो मिळाल्यावर केमो थांबवली तर चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी टोपलीतून नोट काढून शेवटपर्यंत वाचली. सहाव्या परिच्छेदात होतं की प्रयोग काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर झाला. माणूस सोडा, उंदीरसुद्धा नव्हता.

त्या बाईंना काय सांगितलं ते आता नीटसं आठवत नाही, केमो थांबवू नका एवढं नक्की सांगितलं. मग संशोधकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘नोट मी पाहिली होती. जरा जास्त झालंय असं वाटलं, पण म्हटलं प्रेससाठी असंच लिहीत असतील.’ नोट लिहिणारे गृहस्थ म्हणाले, ‘सरांनी पास केली होती.’ दोघंही खरं बोलत होते. एकाला वाटलं भाषा त्याचं खातं, दुसऱ्याला वाटलं विज्ञान याचं. मधे जो प्रश्न विचारायला हवा होता, ‘प्रयोग नेमका कशावर झाला आणि ते पहिल्या वाक्यात का नाही?’, तो विचारणं कुणाच्याच कामात नव्हतं. माझ्याही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही, याचा हिशेब झालेला आहे. २०१४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात कार्डिफ विद्यापीठातल्या गटाचा अभ्यास आला. ब्रिटनमधल्या २० नामवंत विद्यापीठांनी २०११ मध्ये आरोग्य आणि जीववैद्यक विषयांवर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं त्यांनी घेतली. एका बाजूला मूळ शोधनिबंध ठेवले, दुसऱ्या बाजूला त्यांवरून आलेल्या ६६८ बातम्या, आणि विधानं ताडून पाहिली. ४० टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला निबंधापेक्षा ताणलेला होता. ३३ टक्क्यांत कार्यकारणाचा, म्हणजे ‘यामुळे ते होतं’ असा, दावा फुगवलेला होता. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना जास्तच लागू करण्याच्या बाबतीत आकडा ३६ टक्के. पत्रकात हे प्राण्यांवरून माणसांवर उडी मारणं असेल, तर ८६ टक्के बातम्यांतही ते उतरलं होतं. पत्रकात नसेल तेव्हा? फक्त १० टक्के.

म्हणजे पेपरवाल्यांनी स्वतः शोधून काढलेल्या अतिशयोक्तीपेक्षा त्यांना घरपोच मिळालेली अतिशयोक्ती कितीतरी जास्त. (हा अभ्यास निरीक्षणाचा होता. पत्रकांमुळेच बातम्या बिघडल्या, असं त्यातून ठामपणे म्हणता येत नाही. तसं मी इथे लिहिलं असतं तर तीच चूक केली असती.)

याच अभ्यासात ‘शास्त्रज्ञानं स्वतः बोलावं’ यालाही उत्तर आहे. विद्यापीठांची पत्रकं साधारणपणे संशोधकांशी बोलून तयार होतात आणि त्यांच्या संमतीशिवाय बाहेर पडत नाहीत. थोडक्यात, फुगलेल्या पत्रकांवर शास्त्रज्ञांचा हात फिरलेला असतो. दहा वर्षं एका प्रथिनामागे घालवलेल्या माणसाला ते प्रथिन जगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटणारच. त्यात लबाडी नाही, पण समोर खोडा घालणारं कुणीतरी हवं.

आता नारळीकर. मजकूरवाल्यांचा हुकमी एक्का. त्यांच्यासारखं मराठीत सहज लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ एका पिढीत एखादा निघतो, आणि विद्यापीठात संशोधक शेकड्यांनी असतात, हे तर झालंच. पण खुद्द नारळीकरांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत काय आहे ते जाऊन पाहा. तिथे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झालेली ‘पुलस्त्य’ नावाची इमारत आहे, तीत मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथेच अरविंद गुप्तांनी दशकभर आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबमधून पोरांना विज्ञान दाखवलं. दीर्घिकांची गणितं करणारे वेगळे आणि हे वेगळे. ज्यांना स्वतः सांगता येत होतं, त्यांच्याच संस्थेत सांगण्याच्या कामासाठी वेगळी माणसं होती.

जपून लिहिलं तर कुणी छापत नाही, हे मात्र मलाही डेस्कवर असताना खरं वाटायचं. कार्डिफच्या अभ्यासात फुगवलेल्या पत्रकांना जास्त बातम्या मिळाल्याचा फारसा पुरावा सापडला नव्हता. पण ते पुन्हा निरीक्षणच. म्हणून त्यांनी प्रयोग केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ प्रसिद्धी कार्यालयांकडून खरीखुरी ३१२ पत्रकं बाहेर पडायच्या आधी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींतली विधानं पुराव्याला जुळवून घेतली, काहींत ‘यावरून कारण सिद्ध होत नाही’ अशा अर्थाचं वाक्य घातलं, काही तशीच ठेवली. सुचवलेले बदल सगळ्यांनी पाळले नाहीत, त्यामुळे बाकीचे निष्कर्ष थोडे गुंतागुंतीचे आहेत. पण सावधपणामुळे बातम्या घटल्याचा पुरावा मिळाला नाही. डेस्कवरच्या माणसाला बातमी हवी असते. नेमकी मिळाली तर तो नेमकी लावतो.

आणि हे प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय? दोन दिवसांची कार्यशाळा, फाइल, पेन, शेवटी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट, यालाच कुणी चुराडा म्हणत असेल तर मी त्या मजकुराखाली सही करतो. कामाचं प्रशिक्षण कंटाळवाणं असतं. एक निबंध, त्यावरची एक नोट, हातात लाल पेन, आणि एकेक क्रियापद तपासत बसायचं.

मराठीत तर त्याआधी एक शब्दयोगी अव्यय तपासावं लागतं: ‘मुळे’. ‘कॉफी पिणाऱ्यांमध्ये अमुक आजार कमी आढळला’ आणि ‘कॉफीमुळे अमुक आजार टळतो’ यांत दोन अक्षरांचा फरक आहे, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला संशोधकांना वीस वर्षं लागू शकतात. आपल्याकडे ती मथळ्याच्या मापात बसवताना पार होतात. तिसऱ्या विभक्तीचा ‘ने’ त्याहून डांबरट, कारण तो दिसतही नाही: ‘कॉफीने आजार टळतो’. त्याच्या जोडीला ‘सिद्ध’. संशोधन आलं की ‘सिद्ध’ आलंच, जणू दोघांचं लग्न लागलंय.

दुसरा धडा टक्क्यांचा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट हे खरंच होतं. ७,००० बायकांमागे एकीऐवजी दोघी. पण हा दुसरा आकडा इशाऱ्याबरोबर लोकांपर्यंत पोचला नाही. घाबरून कित्येकींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. गर्भपातात आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. इशारा देणाऱ्यांत अडाणी कुणी नव्हतं. फक्त ‘कितीचं दुप्पट?’ हे विचारायची सवय असलेलं कुणी त्या कागदावर बसलं नव्हतं.

यंत्राबद्दल थोडक्यात. मी वापरतो, वेळ वाचतो. पण संख्याशास्त्रातलं ‘सिग्निफिकंट’ म्हणजे निव्वळ योगायोगानं असा फरक पडणं अवघड. यंत्रानं माझ्यासमोर त्याचं ‘महत्त्वपूर्ण’ करून ठेवलं, आणि नगण्य फरकाची बातमी महत्त्वपूर्ण झाली. शिवाय मूळ इंग्रजी नोटच फुगलेली असेल, तर यंत्र ती इमानेइतबारे मराठीत फुगवून देतं.

राहिलं ते शेवटचं वाक्य, ‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’. कुठलं संशोधन, कुणी केलं, कशावर केलं, असं मी तिन्ही ग्रुपवर विचारलं. एका ठिकाणी हात जोडलेला इमोजी आला, बाकी दोन्हीकडे वाचल्याच्या निळ्या खुणा.