रिसेप्शनला एकच पेय ठेवा, पण न पिणाऱ्यांचा मान आधी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या नाशकात लॉन्सच्या तारखा, केटरर, डेकोरेशन यांची धावपळ सुरू होते. गेल्या काही वर्षांत त्यात एक प्रश्न वाढलाय: रिसेप्शनला सिग्नेचर कॉकटेल, म्हणजे त्या लग्नासाठी खास ठरवलेलं पेय, कोणतं? यंदा आमच्याकडे धाकट्या बहिणीचं लग्न आहे, हात राखून खर्च करायचाय, आणि या विषयावर मी घरात बराच वाद घातलाय. माझं म्हणणं इथे सविस्तर मांडतो, कारण बजेटमध्ये लग्न करणाऱ्या बऱ्याच घरांना ते उपयोगी पडेल.

माझं मत असं की फळाचं एकच पेय ठरवा आणि त्याची दोन रूपं करा. एकात वाइन, दुसरं बिनदारूचं. पाया दोन्हीचा सारखाच, आदल्या दिवशी एकाच पातेल्यात केलेला. व्हिस्की, रम, व्होडका, चार प्रकारचे मिक्सर असा मोठा बार मांडला की प्रत्येक बाटली थोडी थोडी उघडली जाते आणि अर्ध्या बाटल्यांचे पैसे वाया जातात.

आपल्याकडच्या लग्नाला येणारी निम्म्याहून जास्त मंडळी पीत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ असलेले काका असतात, आत्या-मावश्या असतात, गाडी चालवून सिन्नरला किंवा मालेगावला परत जाणारे असतात, गरोदर वहिनी असतात. त्यांच्या हातात काय येतं? कोमट कोल्ड्रिंक आणि पाण्याची बाटली. दुसरीकडे पिणारे पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीभोवती उभे. मला ही विभागणी मनापासून खटकते. सगळ्यांनी एकाच मांडवात, हातात छान थंड पेला घेऊन नवरा-नवरीला शुभेच्छा द्याव्यात, यासाठीच हा खटाटोप. विधी सकाळी, रिसेप्शन संध्याकाळी वेगळं, हे मात्र पाळायचंच. घरातल्या ज्येष्ठांना आधी विचारायचं आणि ते नको म्हणाले तर वाइनचं रूप सरळ रद्द करायचं.

वाइनच का, तर आपण नाशिकमध्ये राहतो. गंगापूर धरणाच्या परिसरात 1990च्या दशकाच्या अखेरीस वाइनची द्राक्षं लागली, 2000 साली सुला या इथल्या वाइन कंपनीची पहिली वाइन बाजारात आली आणि पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे आपल्या मातीतलं पीक आहे. शेनिन ब्लांकसारखी किंचित गोडसर पांढरी वाइन तिखट स्टार्टरबरोबरही चांगली लागते आणि पहिल्यांदा चव घेणाऱ्यालाही जड जात नाही.

आता हिशोब. 300 पाहुण्यांपैकी 100 जण वाइनचं पेय घेतील आणि प्रत्येकी दोन ग्लास होतील असं धरा, म्हणजे 200 ग्लास. नुसती वाइन दिली तर एका ग्लासात 150 मिली जाते, म्हणजे 30 लिटर, 40 बाटल्या. तीच फळाच्या रसात आणि सोड्यात मिसळून ग्लासाला 90 मिली घातली तर 18 लिटर, म्हणजे 750 मिलीच्या 24 बाटल्या. 16 बाटल्या तिथेच वाचल्या, आणि पाहुण्यांच्या पोटात दारूही कमी गेली. मला दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

फळ मोसमाप्रमाणे घ्या. डिसेंबरच्या लग्नाला द्राक्षांचा हट्ट धरू नका, चांगली द्राक्षं जानेवारीनंतर येतात. हिवाळ्यात सटाणा-कळवणकडचं डाळिंब आहे, सुरगाण्याची स्ट्रॉबेरी आहे, पेरू आहे. मे महिन्यात कैरी आणि कोकम. आम्ही डाळिंबावर आलोय. ग्लासाला 45 मिली डाळिंबाचा रस, 10 मिली लिंबू, 10 मिली आल्याचा साखरपाक, 90 मिली थंड शेनिन ब्लांक, वरून सोडा. डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये फार फिरवायचे नाहीत, आतल्या बिया चिरडल्या की रस कडवट होतो. लिंबू मात्र रिसेप्शनच्याच दिवशी पिळायचं.

बिनदारूच्या पेयावर आम्ही जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. नुसती वाइन वगळून सोडा वाढवला तर सरबत होतं, गोड आणि पोकळ. वाइनमध्ये एक तुरटपणा असतो, तो कुठून तरी आणावा लागतो. त्यासाठी कोरा चहा. चहापत्ती थंड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवून गाळून घ्यायची आणि वाइनच्या जागी तेवढाच चहा. वर चिमूटभर काळं मीठ. आमच्या मावशीनं दुसरा ग्लास मागितला तेव्हा मी समजलो की जमलं.

दोन्ही पेयं दिसायला जवळजवळ सारखी होतात, म्हणून एक काळजी कडक घ्यायची: ग्लास वेगळे, काउंटर वेगळे, मोठ्या अक्षरात मराठीत पाटी, आणि वाइनच्या काउंटरवर लहान मुलांना न देणारा जबाबदार माणूस. आपल्या राज्यात बिअर-वाइनसाठी वयाची अट 21 वर्षं आहे, कडक दारूसाठी 25.

नावाबद्दलही बोलतो. पेयाला गोदावरीचं किंवा कुठल्या देवस्थानाचं नाव देऊ नका. कल्पना सुचते, पण पाटी वाचून एखाद्या आजीचं मन दुखेल. फळाचं नाव पुरेसं आहे.

वाचलेले पैसे आधी बर्फावर घाला. माणशी किमान अर्धा किलो, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि तो खाण्याचाच बर्फ हवा. अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, त्यामुळे निळसर दिसला तर परत पाठवा. बाटल्या आदल्या रात्रीपासून थंड असल्या की बर्फही कमी वितळतो.

लॉन्सकडे स्वतःचा परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना काढावा लागतो, अर्ज ऑनलाइन होतो. त्याची फी यादीत पहिल्या ओळीत लिहा आणि तारीख ड्राय डेला येत नाही ना, हे हॉल बुक करतानाच बघा. उरलेल्या सीलबंद बाटल्या परत घेणार का, हे दुकानदाराशी खरेदीआधी बोलून ठेवा.

चव घ्यायला घरी लोक बोलवाल तेव्हा पिणाऱ्या मित्रांच्या आधी न पिणाऱ्यांना बोलवा आणि त्यांच्या पेयाची गोडी पक्की झाल्यावरच वाइनच्या बाटल्यांची ऑर्डर द्या.