देशमुख नेमके कोणाच्या बाजूचे साक्षीदार?

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी अर्थतज्ज्ञ बसावा की सनदी अधिकारी, हा वाद ठाण्यातील मासुंदा तलावाच्या आमच्या कट्ट्यावर डिसेंबर 2024 पासून अधूनमधून पेटत असतो, कारण त्या महिन्यात शक्तिकांत दास निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी संजय मल्होत्रा आले. दोघेही आयएएस, दोघेही कधी ना कधी केंद्रात महसूल सचिव राहिलेले. गेल्या रविवारी या वादाला निमित्त मिळाले ते भाऊसाहेबांच्या पुतण्याचे. हा मुलगा ठाणे महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो. ज्यांचे नाव संस्थेच्या पाटीवर आहे ते रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर देशमुखच या प्रश्नाचे उत्तर आहेत, असे भाऊसाहेबांनी त्याला सांगितले होते आणि ते खरे का, हे विचारायला तो कट्ट्यावर येऊन बसला होता.

भाऊसाहेब मंत्रालयातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचा कल कुठे असणार, हे सांगायला नको. त्यांची मांडणी मात्र बिनतोड वाटावी अशी होती. महाडजवळच्या नाते गावी 1896 मध्ये जन्मलेला हा रोह्याच्या देशमुखांचा मुलगा 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि त्याने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला जाऊन त्याने शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. 1918 मध्ये लंडनला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी अमलातील सनदी सेवेच्या, परीक्षेत पहिला येऊन तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरीला लागला. तिथे त्याने जमीन महसूल पाहिला, प्रांताचे अर्थखाते सांभाळले आणि मधल्या काळात दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही काम केले. ‘‘या सगळ्यात अर्थशास्त्राची पदवी कुठे आहे, ते मला दाखवा,’’ भाऊसाहेब म्हणाले, ‘‘आणि तरीही रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर हाच माणूस झाला.’’

मास्तर एका महाविद्यालयात तीस-एक वर्षे अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. देशमुखांविषयी त्यांना आदर नाही असे मुळीच नाही, परंतु आदर म्हणजे पुरावा नव्हे, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले. ऑगस्ट 1943 ते जून 1949 या जवळजवळ सहा वर्षांच्या कारकिर्दीत बँक दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो व्याजदर, एकदाही बदलला नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. नोव्हेंबर 1935 मध्ये 3 टक्क्यांवर ठेवलेला तो दर थेट नोव्हेंबर 1951 मध्ये, म्हणजे देशमुखांनंतरचे बेनेगल रामा राव गव्हर्नर असताना, साडेतीन टक्के झाला. आज ज्या एका गोष्टीवरून आपण गव्हर्नराचे मूल्यमापन करतो ती गोष्ट देशमुखांना करावीच लागली नाही. मग त्यांच्या उदाहरणावरून आजच्या गव्हर्नराविषयी निष्कर्ष काढता येतो कसा? शिवाय त्याच काळात महागाईने लोकांचे कंबरडे मोडले होते आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत चलनातील नोटा युद्धापूर्वीच्या सुमारे सहापट झाल्या होत्या. ‘‘त्या नोटांवर सही कोणाची होती?’’ असे विचारून मास्तर थांबले.

सही खरोखरच देशमुखांची होती. अण्णा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले असून त्यांना जुन्या नोटा जमवण्याचा नाद आहे. त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली सहाव्या जॉर्जच्या चित्राची दहा रुपयांची नोट त्या मुलाच्या हातात ठेवली. राजाचा चेहरा इंग्लंडचा आणि त्याच कागदावर सही रोह्याच्या माणसाची. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर आली नाही, दुसरे जेम्स टेलर यांची आली आणि तिसरी ही.

त्यानंतर अण्णांनी मास्तरांच्या आरोपाचे जे उत्तर दिले, ते मला त्या सकाळचे सर्वांत मोलाचे बोलणे वाटले. युद्धकाळात ब्रिटिश सरकार भारतात कापड, धान्य, ताग, तंबू असे लागेल ते खरेदी करत असे, परंतु त्याचे पैसे रुपयांत देत नसे. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यात स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंड, जमा होई आणि त्याच्या आधारावर इथे नोटा छापून पुरवठादारांना दिल्या जात. रुपयाचा भाव 1 शिलिंग 6 पेन्सला बांधलेला होता आणि त्या भावाने येईल तेवढे स्टर्लिंग विकत घेणे हे 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्यानेच बँकेवर बंधनकारक केले होते. स्टर्लिंगचे रोखे हे नोटांचे कायदेशीर तारण मानले जात असल्याने तारण नाही, असे म्हणण्याची सोयही नव्हती. माल इथून गेला, इथे नोटा वाढल्या आणि मोबदला लंडनच्या वहीत अडकून पडला. युद्ध संपले तेव्हा ही शिल्लक 130 कोटी पौंडांच्या घरात गेली होती. ‘‘मास्तर, इथे नोबेल मिळवलेला अर्थशास्त्रज्ञ बसवला असता तरी त्याने काय केले असते?’’ अण्णांनी विचारले. मास्तर म्हणाले, ‘‘राजीनामा दिला असता.’’ भाऊसाहेब हसले, परंतु मास्तर हसत नव्हते.

त्यावर भाऊसाहेबांनी ब्रेटन वूड्सचा विषय काढला. जुलै 1944 मध्ये अमेरिकेत भरलेल्या आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला जन्म देणाऱ्या 44 देशांच्या त्या परिषदेला भारताचे शिष्टमंडळ गेले, त्याचे नेते व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते. परंतु भारताची बाजू आग्रहाने मांडली ती देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांनी. युद्धकाळात साठलेल्या स्टर्लिंगचा प्रश्न नव्या नाणेनिधीच्या कक्षेत घ्यावा, ही त्यांची मागणी ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनीही धुडकावली. पण निधीतील भारताचा हिस्सा त्यांनी भांडून 40 कोटी डॉलरपर्यंत वाढवून घेतला. चीनचा हिस्सा 55 कोटी आणि फ्रान्सचा 45 कोटी ठरला होता. सोव्हिएत संघ निधीत सामील झालाच नाही आणि त्यामुळे पहिल्या पाच हिस्सेदारांत येऊन भारताला कार्यकारी संचालकाची हक्काची जागा मिळाली. जो देश अजून स्वतंत्र झालेला नाही, त्याच्या वतीने साम्राज्याच्या अर्थसदस्याच्या शेजारी बसून साम्राज्याकडेच थकबाकी मागायची, हे काम मुरलेल्या सनदी अधिकाऱ्यालाच जमू शकते, असे भाऊसाहेबांचे म्हणणे. यात तथ्य आहे असे मलाही वाटते, मात्र श्रॉफ सनदी अधिकारी नव्हते, टाटांकडचे होते आणि परिषदेत त्यांचा आवाज देशमुखांपेक्षा काही कमी नव्हता, ही आठवण मास्तरांनी करून दिली ती योग्यच होती.

इथवर वाद ठरलेल्या वाटेने चालला होता. अण्णांनी त्याला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते देशमुख आयसीएस होते की अर्थतज्ज्ञ होते, हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण ते गव्हर्नर झाले तेव्हा चार वर्षे बँकेत मुरलेले होते. जुलै 1939 मध्ये ते संपर्क अधिकारी म्हणून बँकेत आले आणि बँकेत काय चालले आहे हे सरकारला कळवत राहणे हे त्यांचे काम होते. तीन महिन्यांत ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, डिसेंबर 1941 मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी 1943 मध्ये टेलर पदावर असतानाच वारले आणि ती जागा तब्बल सहा महिने रिकामी राहिली. त्या सहा महिन्यांत लंडन आणि दिल्लीच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करायला फार हुशारी लागत नाही. अखेर 11 ऑगस्टला देशमुख त्या खुर्चीत बसले. ‘‘सचिवालयातून उठून थेट गव्हर्नरच्या दालनात आलेले हे गृहस्थ नव्हेत,’’ अण्णा म्हणाले. पुढे गव्हर्नर झालेले आणि आयएएसमधून आलेले वाय. व्ही. रेड्डीही आधी काही वर्षे डेप्युटी गव्हर्नर होते, म्हणून तेही याच माळेचे मणी. दास आणि मल्होत्रा मात्र नाहीत.

मास्तरांनी लगेच रेड्डींनंतरचे गव्हर्नर डी. सुब्बाराव यांचे नाव घेतले. ते अर्थ सचिवपदावरून सप्टेंबर 2008 च्या पहिल्या आठवड्यात थेट गव्हर्नर झाले आणि दहा दिवसांत अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळून जगभर आर्थिक संकट आले. बँकेत मुरायला त्यांना एक पंधरवडाही मिळाला नव्हता. तरीही पुढे व्याजदराच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्र्यांचे ऐकले नाही, इतके की ऑक्टोबर 2012 मध्ये अर्थमंत्री चिदंबरम यांना विकासाच्या वाटेवर सरकार एकटे चालेल, असे जाहीरपणे म्हणावे लागले. अण्णांना यावर उत्तर सुचले नाही. खरे तर सुचले असावे, पण त्याच वेळी ताई बोलू लागल्या.

ताईंची सारी नोकरी आयुर्विमा महामंडळात गेली आहे. देशमुखांची बाणेदार वृत्ती पाहायची असेल तर तुम्ही चुकीच्या खुर्चीकडे पाहत आहात, असे त्या म्हणाल्या. 1946 च्या जानेवारीत सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेला तो उपाय मनापासून पटला नव्हता, पण वटहुकूम निघाला आणि बँकेने तो राबवला. सुमारे 144 कोटींपैकी जेमतेम 9 कोटींच्या नोटा परत आल्या नाहीत. 1948 च्या जानेवारीत फाळणीनंतर पाकिस्तानला द्यायचे राहिलेले 55 कोटी रोखण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि गांधीजींचे उपोषण सुरू झाल्यावर त्यानेच तो फिरवला. खाते मात्र देशमुखांच्या बँकेत होते. त्या वेळी रिझर्व्ह बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती आणि आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यातून ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असा शिक्का उमटवलेल्या नोटा पाकिस्तानसाठी जात होत्या. गव्हर्नराने या सगळ्यातून बँकेचा कारभार सुरळीत चालू ठेवला, ही थोर कामगिरीच आहे. पण ती चोख प्रशासकाची कामगिरी आहे. बाणा दिसला तो 1956 मध्ये.

1 जून 1950 रोजी देशमुख अर्थमंत्री झाले होते आणि 1952 मध्ये कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक त्यांच्याच काळात झाली. 19 जानेवारी 1956 च्या रात्री एका वटहुकमाने 245 विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह सोसायट्यांचा कारभार सरकारने हाती घेतला आणि ती बातमी देशाला आकाशवाणीवरून सांगणारा आवाज देशमुखांचा होता. ताईंनी दाखवून दिले ते हे, की त्याच आठवड्यात मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी उतरलेल्या लोकांवर गोळीबार चालू होता. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला आणि गोळीबाराची चौकशीही नाकारली गेली, म्हणून देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. तो जुलैत मार्गी लागला आणि त्यांनी लोकसभेत नेहरूंच्या कार्यपद्धतीवर सरळ टीका केली. ‘‘मास्तर, तुम्हाला हवा तो राजीनामा हा,’’ ताई म्हणाल्या, ‘‘फक्त तो बँकेतून आला नाही.’’

कट्ट्यावर मी सहसा ऐकण्याचे काम करतो, परंतु ताईंच्या या बोलण्यानंतर मला राहवले नाही. देशमुखांच्या जाण्याने रिझर्व्ह बँकेचे काय झाले, हा माझा मुद्दा होता. रामा राव हेही आयसीएसच. 1949 मध्ये देशमुखांकडूनच त्यांनी सूत्रे घेतली आणि देशमुख दिल्लीत मंत्री असेपर्यंत त्यांचे कोणाशी वाजले नाही. ऑगस्ट 1956 च्या अखेरीस टी. टी. कृष्णमाचारी अर्थमंत्री झाले. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी हुंड्यांवरील, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पैसे देण्याच्या व्यापारी कागदांवरील, मुद्रांक शुल्क वाढवले. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते, म्हणून अण्णांनी मुलाला समजावून सांगितले: त्या काळी बँका व्यापाऱ्यांच्या मुदती हुंड्या तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उचल घेत, त्यामुळे हुंडीवरचे मुद्रांक महागले की ती उचल महागते, म्हणजे बँक दराला हात न लावता मंत्र्याने व्याज वाढवल्यासारखेच होते. रामा रावांनी हरकत घेतली, बँकेच्या मध्यवर्ती मंडळानेही ती उचलून धरली; कृष्णमाचारींनी रिझर्व्ह बँक हे आपल्या मंत्रालयाचे एक खाते असल्याची भाषा केली; नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली आणि जानेवारी 1957 मध्ये रामा राव पायउतार झाले. मंत्री बदलल्यापासून पाच महिनेही झाले नव्हते. गव्हर्नर तोच, सेवा तीच, पंतप्रधान तेच. बदलला तो फक्त समोरचा माणूस. मिंट रोडवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेत, बसलेला माणूस कोठून आला, याचीच चर्चा आपण इतकी वर्षे करत आहोत, पण अर्थ मंत्रालयात बसलेल्या माणसाने कधी गव्हर्नराच्या खुर्चीतून कारभार पाहिला आहे का, हे आपण विचारतच नाही. देशमुखांनी तो पाहिला होता.

भाऊसाहेबांना हे पटल्यासारखे दिसले, कारण त्यात सनदी अधिकाऱ्यांना दोष नव्हता. अण्णाही मान डोलावत होते. पण मास्तरांनी मला सोडले नाही. 2008 ते 2013 या काळात पंतप्रधान कोण होते, असे त्यांनी त्या मुलाला विचारले. मनमोहन सिंग, 1982 ते 1985 या काळातले रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, आणि त्या पाच वर्षांत दोन वेळा काही आठवडे त्यांनी अर्थखातेही स्वतःकडे ठेवले होते. समोर माजी गव्हर्नर असला की बँकेला सुखाने काम करता येते, हे खरे मानायचे तर सुब्बारावांच्या वाट्याला एवढी ओढाताण का आली? मी म्हटले, पंतप्रधान आणि अर्थमंत्री या दोन वेगळ्या खुर्च्या आहेत आणि रोजचा कागद अर्थमंत्र्याकडे जातो. मास्तर म्हणाले, रामा रावांचा कागद शेवटी नेहरूंकडेच गेला होता. मुलाने वहीत दोन्ही उत्तरे लिहून घेतली आणि यांतले कोणते लिहिले तर गुण जास्त मिळतील, असे विचारले. त्यावर भाऊसाहेब आणि मास्तर यांनी एकाच वेळी दोन वेगवेगळी नावे घेतली.