आठ-दहा जणांसाठी

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर भांडण झालं. सांगलीतली एक हौशी नाटक मंडळी नोव्हेंबरात, रंगभूमी दिनाच्या सुमारास, प्रयोग करणार आहे. मिरजेकडे कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांना विचारलं, रंगमंचाच्या कडेला सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा कराल का, आम्ही मुलांना घेऊन येतो. त्यावर ग्रुपमधल्या एकाने लिहिलं, "आठ-दहा जणांसाठी सगळ्या नाटकाचा विचका करायचा का?" दुसरा म्हणाला, त्यापेक्षा वर्गणी काढून त्यांना कानाची मशीनं घेऊन द्या. तिसऱ्याचं म्हणणं, खुणा शिकवल्या की पोरं बोलायचा कंटाळा करतात. मी इथून, न्यूझीलंडमधल्या लोअर हटमधून, दोन ओळी लिहिल्या, तर लगेच उत्तर आलं, "तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस."

तिकडं बसूनच लिहितोय. सतरा वर्षं झाली.

कोविडच्या काळात रोज दुपारी एक वाजता इथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न बोलायच्या, तेव्हा त्यांच्या शेजारी खुणांच्या भाषेचा दुभाषी असायचा. कुणाचं लक्ष विचलित झालं नाही. २०११च्या क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतरही महापौरांच्या शेजारी दुभाषी होता. न्यूझीलंडची खुणांची भाषा २००६पासून देशाची अधिकृत भाषा आहे. २०१८च्या जनगणनेत सुमारे २३ हजार लोकांनी ती येत असल्याचं सांगितलं, आणि त्यात ऐकू येणारेच जास्त. माझी मुलगी त्यातलीच. शाळेत शिकली, मग घरी मला शिकवली. पेटोनीच्या लायब्ररीत शनिवारी बसून मी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बोटांच्या टोकांवर ए, ई, आय, ओ, यू शिकलो, आणि नंतर कळलं की भारतीय सांकेतिक भाषेतही हे स्वर याच बोटांवर आहेत. इतक्या लांब येऊन मी जे शिकलो ते मिरजेच्या त्या बाईंच्या मुलांना आधीपासून येत होतं.

आता ते "आठ-दहा". २०११च्या जनगणनेप्रमाणे भारतात ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं ५० लाख. मी राहतो त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण तेवढीच आहे. तेच प्रमाण सांगली जिल्ह्याच्या २८ लाखांना लावलं तर अकरा-बारा हजार होतात. सगळेच खुणांनी बोलणारे नसतील, म्हातारपणी ऐकू येईनासं झालेलेही त्यात आहेत. पण नाटकाला आठ-दहाच येतात, कारण त्यांना कुणी कधी बोलावलेलंच नाही. आणि ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं, जे गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतं, त्या गावाने हाताने आणि चेहऱ्याने बोलणाऱ्या माणसाला रंगमंचावरची अडचण म्हणावं? नटाला आपण दुसरं काय शिकवतो?

खुणा शिकवल्या की पोरं बोलत नाहीत, हे वाक्य सांगलीत जन्मलेलं नाही. १८८० साली इटलीत मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि त्यांनी ठरवलं की मुलांना तोंडानेच बोलायला शिकवायचं. त्याच वर्षी क्राइस्टचर्चजवळ समनरला इथली पहिली सरकारी बहिऱ्यांची शाळा निघाली. तिथेही खुणांना बंदी होती, आणि ती १९७९पर्यंत टिकली. खुणा केल्या तर शिक्षा व्हायची. तरीही मुलं वसतिगृहात, दिवे गेल्यावर, एकमेकांकडून भाषा शिकलीच. म्हणजे माझा हा देश काही जन्मजात शहाणा नाही. शंभर वर्षं चुकला आणि मग कबूल केलं. ते कबूल करणं मला आपल्याकडे दिसत नाही, म्हणून चीड येते.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. दिल्लीत २०१५पासून भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था आहे, तिचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश फुकट बघायला मिळतो. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत खुणांची भाषा आहे. मराठी माणसाला ती अवघडही नाही. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, "गाव कुठलं?" म्हणतो तसा. मशीन द्याच, लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, झालं तर तेही करा. पण मशीन घातलेलं मूल कल्लोळात, पाण्यात, सेल संपल्यावर परत बहिरंच असतं. तेव्हा त्याच्याशी बोलणारा कुणीतरी लागतो.

२०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गावभागात रिक्षावर भोंगा लावून सांगत होते, घरं सोडा. दादाला ते कसं ऐकू येणार?

दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ. दोन वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला आणि कान गेले. एक वर्ष शाळेत बसला, मग गुरुजींनी आत्याला सांगितलं, पाठवू नका, उगीच बसून राहतो. पुढे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला लागला. हात कायम पिवळे. गल्लीत सगळे त्याला मुक्या म्हणायचे, मीही म्हणायचो. घरात तीस-चाळीस खुणा होत्या. कपाळावर मोठं गोल म्हणजे आत्या, मूठ तोंडाकडे उडवली की भडंग, खांद्यावरून पट्टा ओढल्यासारखं केलं की मी. त्या दिवशी आत्याने त्याला हाताला धरून ओढत बाहेर काढलं. कुठे जायचंय, किती दिवस, परत यायचं का, यातलं काहीच त्या तीस-चाळीस खुणांत बसत नव्हतं.

सुट्टीत मी जातो तेव्हा आमचं बोलणं ठरलेलं असतं. जेवलास? कधी आलास? कधी जाणार? मग तो हसतो, मी हसतो, आणि मी इतरांकडे वळतो. गेल्या वेळी माझी मुलगी त्याच्याजवळ तासभर बसली. तिच्या खुणा न्यूझीलंडच्या, त्याच्या घरच्या, तरी ती थांबून थांबून, कागदावर चित्रं काढून विचारत होती. खांद्यावरच्या पट्ट्याची खूण माझ्या विमानाच्या बॅगेची, असं मी इतकी वर्षं समजत होतो, आणि मनातून सुखावतही होतो. तिने त्याला विचारलं, ही खूण कधीपासूनची? दादाने तळहात कमरेच्याही खाली धरून दाखवला. एवढा होतास तेव्हापासून. ते माझं शाळेचं दप्तर होतं. तो ओट्यावर बसलेला असायचा आणि मी जायचो.

ऑफिसच्या जेवणात मोठ्या टेबलाच्या टोकाला सगळे भराभर बोलतात, रग्बीवरून कुठल्याशा जुन्या टीव्ही मालिकेवर जातात, तेव्हा सतरा वर्षांनंतरही माझा धागा सुटतो. सगळे हसले की मीही हसतो. दादा लग्नाच्या पंगतीत कसा बसायचा ते मला तेव्हा आठवतं. मला निदान घरी येऊन मराठीत बोलता येतं. त्याला त्याच्या घरातही नाही, आणि ते आम्ही केलंय. परक्या देशातली खुणांची भाषा मी हौसेने शिकलो, पण भावासाठी त्याच्या गावात कुणी शिकवतं का, हे पन्नाशीला आल्यावर विचारतोय.

ग्रुपवर मी लिहिलं होतं, दुभाष्याचं मानधन मी देतो. मग ते पुसलं. डॉलर पाठवणं मला सोपं आहे, ते मी सगळ्याच गोष्टींसाठी करतो. त्याऐवजी लिहिलं की नोव्हेंबरात मी येतोय, दुभाषी ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूची पुढची दोन तिकिटं ठेवा. दादाला कुणी ती भाषा कधी शिकवली नाही, त्यामुळे दुभाष्याचं त्याला फारसं कळणार नाही. मिरजेच्या मुलांना मात्र कळेल, आणि ती मध्यंतरात आपापसांत बोलतील. दादाने ते बघावं अशी माझी इच्छा आहे. शनिवारी बाईंचा वर्ग असतो, तिथे आम्हा दोघांना बसू द्याल का, हेही त्यांना विचारलंय. त्यांनी या म्हटलंय. ग्रुपवर अजून कुणी काही बोललेलं नाही.