ताई, तुमच्या रजिस्टरांबद्दल

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली आणि मगच लिहायला बसले. खाली 'एक एएनएम, पुणे' (म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातली सहायक परिचारिका) एवढीच सही आहे, म्हणून ताई म्हणते.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की शहराच्या आरोग्य यंत्रणेने बीपी-शुगरच्या शिबिरांवर भिस्त ठेवणं सोडावं, जे उपाय तपासून उपयोगी ठरलेत ते रोजच्या कामात आणावेत आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं. त्यावर तुम्ही म्हणता: आमच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे, तुमचा पुरावा म्हणजे आणखी एक रकाना. परदेशातलं संशोधन आमच्या वस्तीतल्या बाईला कसं लागू पडणार? आणि शिबिरात एका दिवसात निदान तीनशे माणसं तपासून तरी होतात.

शिबिराचं आधी बोलते, कारण ते माझ्या घरचं आहे. माझ्या मावशीचं बीपी गणेशोत्सवातल्या शिबिरातच सापडलं होतं. मांडवाशेजारी दोन टेबलं, लांब रांग, हातात चिठ्ठी: 'बीपी जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा.' ती चिठ्ठी तिने देवघराच्या फळीवर ठेवली. त्रास काहीच नव्हता, मग दाखवायचं कशाला? विचारायला कुणी आलं नाही. दोन वर्षांनी अर्धांगवायूचा झटका आला आणि आजही तिचा उजवा हात उचलत नाही. शिबिराच्या अहवालात ती 'तपासलेल्यां'मध्ये मोजली गेली असणार, आणि तो आकडा खोटा नव्हता. म्हणून तीनशे ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, महिन्याभराने त्यातले किती परत आले?

पुण्याहून निघून नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा. देशातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवात २०१७ मध्ये झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर सातारा होता. त्यात नवं औषध एकही नव्हतं. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लघवीवाटे पाणी-मीठ काढणारी गोळी, सगळी जुनीच. बदल झाला तो कामाच्या रीतीत. बीपी १४०/९० च्या खाली आलं नाही तर पुढची पायरी कोणती, हे आधीच छापलेलं. गोळ्या एका वेळी निदान तीस दिवसांच्या द्यायच्या, शक्य तितक्या घराजवळच्या केंद्रातून. जो आला नाही त्याला फोन करायचा. आणि हिशोब धरायचा तो नोंदवलेल्यांपैकी कितीजणांचं बीपी आटोक्यात आलं याचा. या कामाचा बराचसा भार डॉक्टरांनी नव्हे, तुमच्यासारख्या सिस्टरांनी पेलला. गोळ्यांचा साठा संपला तर मात्र यातलं काहीही चालत नाही, हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. रिकाम्या हाताने परत गेलेला पेशंट पुन्हा येईलच असं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

परदेशी संशोधनाबद्दलची तुमची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर आपल्याच गावात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तिकडच्या पट्टीने आपण बारीक ठरतो आणि मधुमेह आत येऊन बसलेला असतो. तुमच्या आशाताई सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-बीपीसारख्या आजारांच्या धोक्याला गुण देणारा फॉर्म, भरताना टेपने कंबर मोजतात ते याचसाठी महत्त्वाचं. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की गुण वाढतो.

उपायही इथे तपासले गेलेत. चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या अभ्यासात आहार आणि व्यायामाच्या सातत्याच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तसाच प्रयत्न केरळात १,००७ लोकांवर, गटागटाने, शेजारच्याच माणसांना पुढारी करून केला. तिथे मधुमेहात म्हणण्यासारखी घट दिसली नाही, फळं-भाज्या खाणं मात्र वाढलं. दोन्ही निकाल मी तुमच्यासमोर ठेवते, कारण एखादी योजना चेन्नईत चालली म्हणून डोळे मिटून पुण्यात आणा, असं माझं म्हणणं नाही. आणा, आणि इथे चालते का ते मोजा.

आता रजिस्टरं. इथे तुम्ही मला खरंच थांबवलंत. अमेरिकेत सेंट लुईसला सार्वजनिक आरोग्याचे संशोधक रॉस ब्राउनसन आणि त्यांचे सहकारी, तपासून उपयोगी ठरलेले उपाय रोजच्या कामात आणायला सरकारी आरोग्य खात्यांना वर्षानुवर्षं मदत करत आले आहेत. त्यांनी दोन चुका एकाच तागडीत ठेवल्या: उपयोगी योजना मध्येच बंद करणं आणि निरुपयोगी योजना चालूच ठेवणं. दुसऱ्या चुकीबद्दल मी मागच्या लेखात अवाक्षर काढलं नाही. नवं काही लादायच्या आधी जुनं काय काढायचं ते ठरायला हवं, आणि ते ठरवणं एएनएमच्या हातात नसतं. म्हणून नुसतं तुम्हाला प्रशिक्षण द्या, हे माझं म्हणणं अपुरं होतं. खर्चाच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही त्याच वर्गात बसवायला हवं, नाहीतर तुम्ही शिकून आलात तरी सोमवारी टेबलावर तीच रजिस्टरं.

एक विनंती. तुमच्या दवाखान्यातल्या रजिस्टरांची नुसती नावं मला लिहून पाठवा, आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहा की त्यातली माहिती गेल्या वर्षभरात कुणी, कशासाठी वापरली. पेशंटचा एकही तपशील नको, तुमचं नावही नको. पुढचा लेख मी त्या यादीवरच लिहीन, आणि छापण्याआधी तुम्हाला वाचायला देईन.