ठाणं बघायचं तर खाडीकडून

घरी पाहुणे आले की आपण त्यांना तलावपाळीला नेतो. एक फेरी, आईस्क्रीम, कोपिनेश्वराचं दर्शन, झालं ठाणं बघून! तलावांचं शहर हे बिरूद आपण इतकं मिरवतो की हे गाव वसलं खाडीमुळे, याचाच विसर पडलाय. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की जुनं ठाणं खाडीच्या बाजूने बघा, आणि पायीच बघा. रिक्षाने एकेक वास्तू गाठत हिंडलात तर त्यांचा एकमेकींशी संबंधच लागत नाही.

सुरुवात ठाणे पूर्वेला, मीठबंदर रोडने करा. कधीकाळी इथे मिठाचा व्यापार होता. आता समोर खारफुटी, गाळ आणि शहराने आणून ओतलेला कचरा. तिथून चेंदणी कोळीवाड्यात वळा. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्याच रुळांनी चेंदणीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, हे किती जणांना माहीत आहे? पुढच्याच वर्षी, १८५४ ला, रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला पोचली. मग बंदराला कोण विचारतो! कोळीवाडा मात्र अजून नांदता आहे. उगाच घराघरात डोकावू नका. दारात जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांपुढे न विचारता मोबाईल धरू नका. दाटीवाटीची जुनी वस्ती दिसली की तिला झोपडपट्टी ठरवायची घाई असते, त्याचा राग इथल्या लोकांच्या मनात आहे आणि तो रास्त आहे.

रूळ ओलांडून पश्चिमेला या आणि महागिरी, खारकर आळी करत तुरुंगाकडे निघा. हो, मध्यवर्ती कारागृहच. तो ठाण्याचा किल्ला आहे, आणि खाडीवरून येणाऱ्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नव्हती. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, काम पुरं व्हायच्या आत १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इथल्याच कैदेतून निसटले. १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे आणि १९१० ला नाशिकच्या जॅक्सन वधातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे इथेच फासावर गेले. कळवा पुलावरून रोज हजारो लोक जातात. त्यातल्या किती जणांची मान त्या तटाकडे वळते? तुरुंग आहे, आत सोडणार नाहीत, हे समजू शकतं. पण निदान बाहेरून, खाडीच्या अंगाने, तट नीट बघता येईल अशी धड पायवाट तरी हवी. कोट्यवधी खर्चून चौकाचौकांत रोषणाई होते, त्यातला थोडा पैसा इकडे वळवला तर काय बिघडेल?

यानंतर जांभळी नाका आणि मग तलावपाळी. आता तीच तलावपाळी वेगळी दिसते. कोपिनेश्वराचं देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधलं, म्हणजे किल्ला मराठ्यांच्या हाती आल्यावर पुरी पिढीही उलटली नव्हती. त्याच तळ्याच्या काठी पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. सत्ता बदलली तरी तळं तेच राहिलं, आणि दोन्ही घंटा आजही एकाच पाण्यावरून ऐकू येतात. थोडं पुढे टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ चं शार हाशामाईम सिनेगॉग, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात अस्सल मराठी बोलणारे. ठाणेकर त्या रस्त्याने आयुष्यभर ये-जा करतात आणि ही इमारत कसली हे विचारतही नाहीत, याचं मला खरंच नवल वाटतं.

जाणार असाल तर दोन सूचना. सिनेगॉग आतून बघायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि शनिवार टाळा, तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. आणि सकाळी लवकर निघा. जांभळी नाक्याचा बाजार एकदा भरला की तिथून चालायचं नाव काढू नका.