टेलच्या माणसाला खुर्ची द्या

आमच्या गावात पाण्याचा कारभार कुणाच्या हातात आहे, असं कुणालाही विचारा. सरपंचाचं नाव येणार नाही, पाणीपुरवठा समितीच्या अध्यक्षाचं तर नाहीच. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचं येईल. तुटपुंज्या पगारावर सगळ्या गावाच्या शिव्या खाणारा हा गडी. त्याला फोन कुणाचे येतात, ते कुणी विचारत नाही.

समिती आहे की. ग्रामसभेनं निवडलेली, निम्म्या महिला, सगळं नियमात. फक्त सदस्यांची घरं बघा, बहुतेक टाकीच्या आसपास. (योगायोग असेल, मी कुठं काय म्हणतोय!) तिथं पाणी दाबानं येतं, वरून नळाला मोटार. शेवटच्या वस्तीवर हंडा भरायच्या आत पाणी गेलेलं असतं. जलजीवन मिशनचे माणशी रोज 55 लिटर तिथल्या बायांना सांगून बघा, काय ऐकायला मिळतं ते.

खरं तर यावरचा उपाय आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं वाघाड धरणाच्या कालव्यावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या, आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांकडे आलं. पाणी मोजून घ्यायचं, तेवढ्याची पट्टी भरायची, कुणाची पाळी कधी ते संस्थेनं ठरवायचं. सिंचनासाठीच्या 2005 च्या कायद्यात तर हेड म्हणजे कालव्याचं तोंड, मध्य आणि टेल म्हणजे शेवटचं टोक, या तिन्ही भागांतून सारखेच संचालक असतात, अध्यक्षपदही त्यांच्यात फिरतं. आज हेडला बसून चारी फोडणाऱ्याला उद्या टेलचा अध्यक्ष जाब विचारू शकतो.

आमच्या समितीत टोकाच्या वस्तीचा एकही माणूस नाही.

द्राक्षाला पाणी दिलं की पैसा येतो, म्हणून वाघाडला पट्टी भरली जाते. पिण्याच्या पाण्याचं तसं नाही. हा फरक मान्य. पण "वस्तीवाले पाणीपट्टीच भरत नाहीत" हे मला पटत नाही. एक तर न आलेल्या पाण्याची पट्टी कोण भरेल? आणि थकबाकीची यादी एकदा ग्रामसभेत वाचा ना मोठ्यानं. वस्तीच्या आधी कुणाकुणाची नावं येतात ते कळू द्या गावाला.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय. समितीत टोकाच्या वस्तीचे दोन सदस्य, त्यात एक बाई. व्हॉल्व्हचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. आणि उन्हाळ्यात पाणी आधी टोकाला, मग टाकीकडे. सूचक मी आहेच, अनुमोदक पाहिजे. टाकीजवळचा मिळाला तर फारच उत्तम.